पाइनच्या सुया लॅबला पाठवायच्यात? आधी झाडाचं घराणं आणि जागा नीट लिहून घ्या

जुलै महिना, रबाळेत बाहेर धो धो पाऊस, आणि आमच्या लॅबच्या रिसेप्शनवर एक खोका येऊन पडलेला ज्यातनं लोणचं बिघडल्यासारखा आंबूस वास येत होता. खोका माझ्याच नावाचा होता. माझी भाची देहरादूनला फॉरेस्ट्री शिकते, तिनं चीडच्या, म्हणजे हिमालयातल्या एका पाइनच्या, सुया पाठवल्या होत्या, मस्त पॉलिथिनच्या पिशव्यांत घट्ट गाठ मारून, आणि त्या बिचाऱ्या सुया आठवडाभर घाम गाळत गाळत नवी मुंबईला पोचेपर्यंत काळ्या पडल्या होत्या. फोन केला तर म्हणते, "मामा, तरी करून बघ ना, आकडा तर येईलच!" अगं बाई, आकडा काय, चहाच्या चोथ्याचापण येतो.

त्या दिवशी तिला फोनवर जे तासभर सांगितलं तेच इथे नीट लिहितोय. मी वनशास्त्रातला माणूस नाही, पान-माती-पाणी तपासणारा केमिस्ट आहे, पण इतकी वर्षं सॅम्पल बघून एक गोष्ट पक्की कळलीय की रिपोर्टमध्ये घोळ झाला की लोक मशीनला शिव्या देतात आणि खरा घोळ बहुतेक वेळा झाडाखालीच झालेला असतो. पाइनच्या बाबतीत तर डबल, कारण सुईतला नायट्रोजन कमी आला तर ती जमीन हलकी आहे की ते झाड मुळातच कमी नायट्रोजनवाल्या घराण्याचं आहे (घराणं म्हणजे एकाच मातृवृक्षाच्या बियांची रोपं), हे एकट्या आकड्यावरनं ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही.

आधी बघा, झाड पाइनच आहे का

हसू नका. आमच्याकडे ठाण्या-नवी मुंबईतनं "पाइन" म्हणून जे येतं ते जवळजवळ सगळं दुसरंच काहीतरी असतं. घोडबंदर रोडच्या नर्सरीत कुंडीत मिळणारा ख्रिसमस ट्री हा अराउकारिया, म्हणजे वेगळ्या कुळातला. आणि किनाऱ्यावरचा सुरू तर पाइनचा नातेवाईकच नाही, त्याच्या ज्या "सुया" दिसतात त्या खरं तर बारीक हिरव्या फांद्या आहेत आणि खरी पानं म्हणजे त्या कांड्यांवरचे इवले इवले दाते, नखानं कांडी मोडून भिंगातनं बघा, दिसतील. शिवाय सुरूच्या मुळांवर गाठी असतात, त्यातले फ्रँकिया नावाचे जिवाणू हवेतला नायट्रोजन पकडून देतात, त्यामुळे सुरूचा नायट्रोजन पाइनच्या तक्त्याला (किती आकडा कमी, किती बरा, ह्याची यादी) लावला तर सगळंच चुकणार.

खऱ्या पाइनमध्ये सुया जुडीनं येतात, बुडाशी एकत्र बांधल्यासारख्या. चीडमध्ये तीनची जुडी, सुया वीतभर किंवा त्याहून लांब. त्याच्या वरच्या उंचीवरचा कैल, त्यात पाचची जुडी. मेघालयातला खासी पाइन परत तीनचा. जुडी मोजायला दहा सेकंद लागतात, पण बाकी सगळं त्यावर उभं आहे.

तुमचा प्रश्न काय आहे ते एका ओळीत लिहा

लोक हीच पायरी गाळतात. तुम्हाला (क) आजारी झाडाला काय कमी पडतंय ते बघायचंय, का (ख) दोन जागांची तुलना करायचीय, का (ग) कुठल्या मातृवृक्षाची रोपं कमी अन्नात भागवतात ते शोधायचंय? तिन्हीचं सॅम्पलिंग वेगळं.

(क) असेल तर सोपं, आजारी झाडं एका पिशवीत आणि शेजारची धडधाकट झाडं दुसऱ्या पिशवीत, दोन्ही पाठवा, नुसती आजारी पाठवून काही उपयोग नाही. (ख) साठी प्रत्येक जागेतनं वीसेक झाडांच्या सुया एकत्र केल्या तरी चालतं. पण (ग) आलं की एकत्र करणं बंद! प्रत्येक झाडाची वेगळी पिशवी, निदान प्रत्येक घराण्याची तरी, नाहीतर जे शोधायचंय तेच तुम्ही मिसळून टाकलंत.

आणि घराणं आणि जागा दोन्हींचा हिशोब हवा असेल तर एकच रस्ता आहे, तीच घराणी दोन्ही जागी लावलेली असली पाहिजेत. भाचीचा पहिला प्लॅन काय होता, तर खालच्या दक्षिण उतारावर अ घराणं आणि वरच्या उत्तर उतारावर ब घराणं. म्हटलं ह्यातनं फरक आला तर तो उताराचा की अ-ब चा? गप्प बसली. हे म्हणजे एका पोराला मराठीचा पेपर द्यायचा, दुसऱ्याला गणिताचा, आणि मग हुशार कोण ते विचारायचं.

इथल्या लोकांना हापूसच्या भाषेत सांगतो. बदलापूरला लावलेलं कलम आणि रत्नागिरीला लावलेलं कलम, वरची फांदी दोन्हीकडे हापूसच, म्हणजे वरचं रक्त एकच. पण खालचा खुंट रायवळ कोयीचा, तो प्रत्येक कलमात वेगळा. म्हणजे आपण ज्याला "एकच जात" म्हणतो त्याची अन्न शोषणारी मुळं मात्र प्रत्येक झाडाची वेगळ्या आईबापाची. पाइनमध्ये बियाण्याची रोपं असतील तर एका झाडाच्या शंकूंतली सगळी पोरं एका आईची पण वारा परागकण कुठूनही आणतो म्हणून बाप वेगवेगळे, अर्धी भावंडं. न्यूझीलंडमध्ये रेडिएटा पाइनच्या क्लोनची लागवड होते, तिथे मुळापासनं शेंड्यापर्यंत झाड एकच, म्हणून तिकडे घराण्याचा परिणाम जास्त स्वच्छ दिसतो. तुमच्याकडे यातलं काय आहे ते वहीत लिहा, बियाणं कुठल्या जंगलातलं, किती उंचीवरचं तेसुद्धा.

केव्हा तोडायच्या, कुठल्या तोडायच्या

झाडाची वाढ थांबलेली असते तेव्हा. उत्तरेकडच्या चीडला डिसेंबर-जानेवारी बरा. अमेरिकेत लॉबलॉली पाइनचं सॅम्पल असंच हिवाळ्यात घेतात, न्यूझीलंडवाले मात्र रेडिएटाचं उन्हाळा संपताना, म्हणजे तिकडच्या फेब्रुवारी-मार्चमध्ये घेतात, त्यामुळे कुणाचा तक्ता वापरताय त्याप्रमाणे महिना बघा. वाढ चालू असताना आकडे रोज हलतात, आणि जुलैत तोडलेल्या सुया डिसेंबरच्या तक्त्याला लावणं म्हणजे पोराची उंची मागच्या वर्षीच्या दारावरच्या खुणेला लावणं. दोन जागांची तुलना असेल तर दोन्हीकडे एकाच आठवड्यात तोडा, ह्यात सूट नाही.

कुठल्या सुया? त्याच वर्षी आलेल्या, पूर्ण वाढलेल्या, झाडाच्या वरच्या तिसऱ्या हिश्श्यातल्या, ऊन खाणाऱ्या फांदीवरच्या. हाताला येतात म्हणून खालच्या तोडाल तर सगळं उलटंपालटं होईल, कारण नायट्रोजन, फॉस्फरस, पोटॅशियम, मॅग्नेशियम हे झाडाच्या आत फिरते असतात, तुटवडा पडला की झाड जुन्या सुयांतनं काढून नव्यांना देतं. कॅल्शियम आणि बोरॉन मात्र जिथे बसले तिथेच राहतात, म्हणून जुन्या सुईत कॅल्शियम साठत जातं. एकाच झाडाच्या खालच्या-वरच्या सुया पाठवल्यात तर रिपोर्ट दोन वेगळ्या झाडांचे वाटतील.

शंकूंनी लगडलेली फांदी नको, रस्त्याकडेचं झाड नको, प्लॉटच्या काठावरचं पण नको. आणि चीडच्या बाबतीत दोन गोष्टी हमखास विचारा: जागेवर शेवटची आग कधी लागली, आणि पिरूल गोळा करतात का. पिरूल म्हणजे तिकडे चीडच्या खाली पडलेल्या वाळक्या सुया. आगीत त्या सुयांमधला नायट्रोजन धुरात निघून जातो आणि कॅल्शियम-पोटॅशियम राखेत मागे उरतात, मग पहिला पाऊस ती राख वाहून नेतो किंवा मुरवतो. पिरूल उचलून नेला तर त्यातलं सगळंच गेलं. असे दोन उतार शेजारी असले तरी जागा म्हणून एक नाहीत.

पिशवी, पेन्सिल आणि शंभर जुड्या

कागदी पिशवी. परत सांगतो, कागदी. किराण्याची खाकी चालते. पॉलिथिनमध्ये सुई श्वास घेत राहते, गरम होते, बुरशी धरते, आणि शर्करा जळून गेल्यामुळे उरलेल्या वस्तूत खनिजांचे टक्के उगाच वाढलेले दिसतात. लेबल पेन्सिलनं लिहा, पेनाची शाई पसरते. एक चिठ्ठी आत, एक बाहेर. त्यावर जागा, ब्लॉक, घराणं, झाड नंबर, तारीख.

रबरी हातमोजे घालू नका, रबरात झिंक असतं. गॅल्वनाइज्ड तारेनं पिशवी बांधू नका, तिथेही झिंक. पश्चिम ऑस्ट्रेलियात १९३० च्या दशकात रेडिएटाची लावलेली झाडं खुरटी राहत होती, शेंडे गुच्छ होऊन बसायचे, शेवटी कारण निघालं झिंकची कमतरता, आणि झिंकच्या फवारणीनं झाडं सुधारली. सुईत झिंक असतंच मुळी दशलक्षात दहा-वीस भाग, तिथे हातमोज्याचा कण पडला तरी तुम्ही आजारी झाडाला निरोगी ठरवून मोकळे.

सुया फांदीवरनं जुडीसकट सोडवून शंभर जुड्या मोजा आणि त्यांचं सुकं वजन नोंदवा. कंटाळवाणं काम आहे, चहा घेऊन बसा, पण ह्याचा उपयोग पुढे कळेल.

धुवायच्या का? धूळ असेल तरच, डिस्टिल्ड पाण्यात पटकन बुचकळून बाहेर. भिजत घातल्यात तर पोटॅशियम पाण्यात उतरतं. मग ६५ ते ७० डिग्रीला दोन दिवस ओव्हनमध्ये. जास्त तापवून लवकर उरकायचा मोह होतो, करू नका. आणि आमच्या इकडे पावसाळ्यात उन्हात सुकवायच्या गोष्टी तर विसराच, ऐरोलीत माझ्या गॅलरीत टॉवेल तीन दिवस वाळत नाही.

ओलाव्याची गंमत बघा. सुकवलेली पावडर जुलैत उघडी राहिली आणि तिनं शंभर ग्रॅमला सहा ग्रॅम पाणी ओढलं, तर खरा नायट्रोजन १.२५ टक्के असला तरी कागदावर १.१८ दिसणार. तक्त्यातली रेघ १.२ ला आहे. म्हणजे नुसत्या नवी मुंबईच्या हवेनं तुमचं झाड उपाशी ठरलं! म्हणून लॅबला विचारा, निकाल पूर्ण सुक्या वजनावर देता का.

लॅबला अजून काय विचारायचं

लाजू नका, आम्हाला असे प्रश्न विचारणारे फार कमी येतात आणि ते आले की आम्हीही जरा सरळ बसतो. दळण स्टीलच्या चक्कीत करता का, कारण पितळेच्या चाळणीनं तांबं आणि झिंक दोन्ही येतात. बोरॉन करताना काचेची भांडी तर नाही ना वापरत, कारण लॅबची साधी दिसणारी काच ही बोरोसिलिकेट असते, नावातच बोरॉन आहे. आणि सोबत ओळखीचं सॅम्पल चालवता का? अमेरिकेची एनआयएसटी ही संस्था पाइनच्या सुयांचीच प्रमाणित पावडर विकते, तिच्यातले आकडे आधीच ठरलेले, ती चालवून आपलं मशीन खरं बोलतंय का ते कळतं. महाग असते, प्रत्येक लॅबकडे नसते, पण कुठल्यातरी पानाची प्रमाणित पावडर हवीच.

माझी स्वतःची ट्रिक: एकाच पिशवीतल्या सुया दोन पिशव्यांत भरून दोन वेगळे नंबर देऊन पाठवा, लॅबला सांगू नका. (हे मी लिहितोय ते आमच्या साहेबांना कळलं नाही तर बरं.) दोन्ही निकालांत जेवढा फरक येईल त्यापेक्षा छोट्या फरकावरनं घराण्यांची भांडणं लावायची नाहीत.

रिपोर्ट हातात आला, आता?

न्यूझीलंडमध्ये रेडिएटासाठी वापरात असलेले आकडे साधारण असे: नायट्रोजन १.२ टक्क्यांखाली कमी, १.५ च्या वर बरा. फॉस्फरस ०.१२ खाली कमी, ०.१४ वर ठीक. पोटॅशियम ०.३ आणि ०.५. मॅग्नेशियम ०.०७ आणि ०.१०. बोरॉन दशलक्षात ८ खाली कमी, १२ वर ठीक. लॉबलॉलीला नायट्रोजन १.२ आणि फॉस्फरस ०.१२ ह्याच रेघा धरतात. चीडला हे अंदाजापुरते वापरा, जास्त विश्वास स्वतःच्या प्लॉटमधल्या चांगल्या झाडांच्या आकड्यांवर ठेवा. नुसते टक्के नका बघू, प्रमाणही बघा, नायट्रोजन शंभर धरला तर फॉस्फरस दहाच्या आणि पोटॅशियम पस्तीसच्या खाली गेला की मला शंका येते. लोह अचानक खूप आलं तर झाडाला काही झालेलं नाही, सुईवर माती होती.

आता ते शंभर जुड्यांचं वजन काढा. समजा शंभर जुड्या २० ग्रॅम, फॉस्फरस ०.१५ टक्के, म्हणजे एकूण ३० मिलिग्रॅम. तुम्ही युरिया टाकला, पुढच्या वर्षी जुड्या भरल्या २८ ग्रॅम आणि फॉस्फरस आला ०.१२. अरे बापरे, घसरला! पण गुणाकार करा, ३३.६ मिलिग्रॅम, म्हणजे झाडानं जमिनीतनं फॉस्फरस जास्तच घेतलाय, फक्त सुई मोठी झाल्यानं तो पातळ झालाय. वरण तेवढंच, पाणी जास्त. हे घराण्यांमध्येही होतं, जोमानं वाढणारं घराणं टक्क्यात गरीब दिसतं आणि खुरटं घराणं श्रीमंत. वजन नसेल तर तुम्ही चांगलं झाड टाकून खुरट्याचं बी गोळा कराल.

घराणं वेगळं, जागा वेगळी

ग्राफ पेपर घ्या, डावीकडे जागा एक, उजवीकडे जागा दोन, आणि प्रत्येक घराण्याचे दोन्हीकडचे सरासरी आकडे रेघेनं जोडा. सगळ्या रेघा एकत्र खाली उतरल्या आणि एकमेकींजवळ असल्या तर जागेचा खेळ आहे. रेघा आडव्या पण एकमेकींपासनं लांब, तर घराण्याचा. आणि रेघा एकमेकींना कापत गेल्या तर मजा आहे, म्हणजे एका जागी पहिलं आलेलं घराणं दुसऱ्या जागी मागे पडतंय, मग "सगळ्यात चांगलं घराणं कुठलं" हा प्रश्नच चुकीचा, आधी जागा सांगा. प्रत्येक ठिपका निदान पाच-सहा झाडांचा हवा आणि ती झाडं प्लॉटभर विखुरलेली हवीत, सगळी एका ओलसर खड्ड्यात नकोत.

साधारणपणे जागेचं वजन जास्त पडतं, नायट्रोजन तर जमीन, ऋतू, पाऊस ह्यांच्या तालावर नाचतो. कॅल्शियम-मॅग्नेशियममध्ये घराण्याचा ठसा जास्त दिसतो. न्यूझीलंडमधलं रेडिएटाचं उदाहरण मला फार आवडतं, तिथे झाडाच्या मधल्या-वरच्या भागातल्या सुया पिवळ्या पडायचा एक प्रकार आहे, मॅग्नेशियम कमी असलेल्या जमिनीवर येतो, पण त्याच जमिनीवर एक क्लोन पिवळा आणि शेजारचा हिरवागार. जमीन एकच, खत एकच! म्हणजे तिथे दोन उपाय आहेत, मॅग्नेशियम टाका किंवा पुढच्या लागवडीत तो क्लोन बदला, आणि दुसरा उपाय एकदाच करायचा असतो.

जागेमध्ये मी फक्त माती धरत नाहीये. मातीची खोली, उताराचं तोंड, पाणी साचतं का, आणि मुळांवर राहून झाडाला मदत करणारी बुरशी. १९५० च्या दशकापर्यंत पोर्तो रिकोत पाइनची रोपं लावली की पिवळी पडून मरायची, बाहेरनं पाइनखालची माती, म्हणजे तिच्यातली बुरशी आणून टाकली तेव्हा ती वाढायला लागली. मातीचा रिपोर्ट आधीपण तोच होता, नंतरपण तोच. म्हणून रोप उपटून मुळं बघा, आखूड, फाटे फुटलेल्या, सुजल्यासारख्या मुळ्या दिसल्या तर बुरशी आहे.

खत टाकायचं ठरलंच तर अख्ख्या प्लॉटवर नको. प्रत्येक घराण्याची थोडी झाडं खतासकट, थोडी बिनखताची, आणि पुढच्या हिवाळ्यात परत सुया, परत शंभर जुड्या.

इथे बसून सराव करायचा असेल तर सोसायटीतला आंबा घ्या, चार ते सात महिन्यांचं, फुटव्याच्या मधलं पान, एकाच कलमाचं वरचं आणि खालचं वेगळं पाठवून बघा.

भाचीचा दुसरा खोका जानेवारीत आला, कडक थंडीतल्या, करकरीत वाजणाऱ्या सुया, कागदी पिशव्या, पेन्सिलनं लिहिलेली लेबलं, अगदी शहाण्यासारखं. चाळीस पिशव्या. एकोणचाळीसवर घराण्याचा नंबर होता. चाळिसावीवर फक्त जागा आणि तारीख. फोन केला, तर पलीकडून बराच वेळ आवाज नाही, मग हळूच, "मामा, ते तेराचं असेल... किंवा सतराचं." मी ती पिशवी बाजूला काढून ठेवली, अजून माझ्या ड्रॉवरमध्ये आहे, उघडली की राळेचा वास येतो.